डावी टाच

६ जानेवारी

मावशी,

नमस्कार. तब्येत विचारत नाही. विचारली की तू "ठणठणीत" असं लिहितेस आणि त्यातून काहीच कळत नाही.

पत्र लिहायला कारण आहे. माझा फोन कंपनीचा, मेल कंपनीची, आणि जे सांगायचंय ते त्यांच्यावरून सांगण्यासारखं नाही. तुमचे फोन पाळी संपेपर्यंत कपाटात कुलपात असतात, आणि घरी आल्यावर तू फोन उचलतेस तो ठेवण्यासाठीच. तेव्हा कागद बरा.

आमच्या चाकांच्या बुटांची चाचणी तुमच्या गोदामात होणार आहे. पुढच्या सोमवारपासून सहा आठवडे, बारा जोड. आपल्या नेहमीच्या बुटांवर पट्ट्यांनी बांधायचे. खाली छोटी चाकं, आत मोटर. चालायचं नेहमीसारखंच, वेग मात्र अडीचपट, असा दावा आहे. नाव "गतिसखा". हे नाव ठरवायला सात जणांनी तीन बैठका घेतल्या. त्या सातांपैकी एकही जण गाडीपासून लिफ्टपर्यंतसुद्धा खुशीने चालत नाही.

मी तिथे येणार नाही. छतावर बसवलेल्या खुणांवरून कोणता जोड कुठे आहे, केव्हा पळाला, केव्हा थांबला, हे सगळं इकडे माझ्या पडद्यावर येईल. मला माणसं दिसणार नाहीत, आकडे दिसतील. ते माझ्या सोयीचं आहे. आकड्यांवर मी अधूनमधून टिपण लिहायचं आणि त्याची प्रत तुमच्या गोदामाच्या ऑफिसात जायची, अशी व्यवस्था आहे.

दोन विनंत्या. तू माझी मावशी आहेस हे तिथे कुणाला सांगू नकोस. आणि बुटांबरोबर सूचनांचं एक पान येईल, ते वाच. उजवी टाच उचलून धरली की चाकं बंद होतात. मग तो साधा, जड बूट. डावी टाच जमिनीवर जोरात आपटली की चाकं मोकळी होतात आणि पुढच्या पावलाला मोटर सुरू. हा टाचेचा इशारा माझा आहे. चालताना माणूस चुकूनसुद्धा करत नाही अशी हालचाल शोधायला मला चार महिने लागले. ऑफिसच्या कॉरिडॉरमध्ये चाळीस जणांना चालवून पाहिलं. एकानेही डावी टाच तेवढ्या जोराने टेकवली नाही. बैठकीत आमच्या प्रमुखांनी टाळ्या वाजवल्या, आणि पुढच्या बैठकीपासून इशारा आपल्यालाच सुचला असं बोलायला लागले.

तू घरात टाच आपटत चालायचीस आणि खालच्या मजल्यावरचे लोक काठीने छत ठोकायचे, ते आठवतं ना? तेवढं बूट घालून करू नकोस.

– तुझी भाची


२१ जानेवारी

इंजिनिअरबाई,

आशीर्वाद आहेत, पण या वेळी मोजके देतेय, कारण पाय बोलतायत.

तुमचा सखा आला. त्याच्याबरोबर कोट घातलेले चौघे आणि एक फोटोवाला. पहिली रांग अख्खी रिकामी करायला लावली. गाड्या काढल्या, शिड्या काढल्या, खोकी काढली, झाडून घेतलं, शेवटी आम्हालाही काढलं. मग त्यांच्यातला एक जण रिकाम्या हातांनी या टोकापासून त्या टोकापर्यंत सुळकन गेला. टाळ्या. बगळा माझ्या कानाशी म्हणाला, "मावशी, माल आणि माणसं दोन्ही बाहेर काढली तर मीसुद्धा असाच पळेन. अनवाणी."

बगळा कोण ते सांगते. माझ्या शेजारच्या रांगेत माल काढतो, एकोणीस वर्षं झाली. उंच, हडकुळा, आणि उभा राहिला की गुडघ्याला आराम म्हणून एक पाय वर घेतो. बाकीचं नावाने सांगितलंच आहे. तो चार नंबरचा जोड घालतो, मी नऊ. आणि भाचीचं गुपित राखायची काळजी नको. इथे मला सगळेच मावशी म्हणतात, माझ्याहून दहा वर्षांनी मोठे फोर्कलिफ्टवाले काकासुद्धा. त्यात एक कुठली बाहेरची भाची असेल असं कुणाच्या ध्यानीमनी यायचं नाही.

पार्सलच्या काट्यावर तुमचा बूट टाकून पाहिला. एक किलो नऊशे. म्हणजे दिवसभर पायांत जवळजवळ चार किलो बांधून फिरायचं, कशासाठी, तर पायांवरचा ताण कमी व्हावा म्हणून! हे ज्याला सुचलं त्याच्या डोक्यावर पाण्याची बादली ठेवावी, डोकं हलकं होतं म्हणून.

हे घालून शिडी चढता येत नाही. आणि आमचा निम्मा माल शिडीवर. आमचे शिफ्टसाहेब गळ्यात कायम शिट्टी अडकवून फिरतात, त्यामुळे त्यांना शिट्टीच म्हणतात. त्या शिट्टीने फळ्यावर लिहिलं: बूट पाळी संपेपर्यंत काढायचे नाहीत. मग आता असं चाललंय की बारा जण बूट घालून शिडीखाली उभे राहतात आणि बिनबुटांचे बारा जण त्यांच्यासाठी वर चढतात. एका माणसाचं काम दोघं करतात. याला तुमच्याकडे काय म्हणतात ते कळव.

बाकी चौकात ते जरा उधळतात. चौक म्हणजे दोन रांगा जिथे एकमेकींना छेदतात ती जागा, आम्ही तसंच म्हणतो. तेवढं तुमच्या लोकांच्या कानावर घाल.

– मावशी

ता. क. खालचे लोक छत ठोकायचे ते तुझ्या रेडिओसाठी.


४ फेब्रुवारी

मावशी,

शिडीचं मला माहीत नव्हतं. आमच्या प्रयोगशाळेत शिडी नाही. तीन आठवड्यांची नोंद बघून मी एक साधा हिशेब केला, तो तुला आवडेल.

तुमच्याकडे माल काढताना एका थांब्यापासून दुसऱ्या थांब्यापर्यंतचं सरासरी अंतर सात मीटर आहे. चालत गेलं तर ५.६ सेकंद. बुटांवर गेलं तर वेग घ्यायला चार मीटर, वेग सोडायला तीन, झाले ४.७ सेकंद. वाचले ०.९. पण वाकायचं, उचलायचं तर चाकं बंद करावी लागतात, निघताना मोकळी करावी लागतात. त्यात १.५ सेकंद. म्हणजे प्रत्येक थांब्याला ०.६ सेकंदाचं नुकसान, आणि हे शिडी धरलीच नाही तर.

मी हे प्रमुखांना दाखवलं. त्यांनी पाहिलं आणि विचारलं, "अंतर वाढवता येईल का?" मी विचारलं, कशाचं. म्हणाले, "मालाचं. थोडा लांब लांब ठेवला तर?"

हे ते गंभीरपणे म्हणाले. मी लिहून घेतलं, कारण पुढे कुणी विश्वास ठेवणार नाही.

आता दुसरी गोष्ट, आणि ही तुमच्या बाजूची आहे. या तीन आठवड्यांत १,१४० वेळा चाकं बंद असताना मध्येच मोकळी झाली. बिघाड नाही, मी प्रत्येक नोंद उघडून पाहिली. प्रत्येक वेळी आधी डाव्या टाचेचा दणका आहे, स्पष्ट. कोणीतरी मुद्दाम टाच आपटतंय. एकट्या चार नंबरच्या जोडाच्या २०३ नोंदी आहेत. तू लिहिलंस की बूट चौकात उधळतात. बूट उधळत नाहीत, मावशी. माणसं उधळतात. बगळ्याला गंमत वाटत असेल तर त्याला सांग की या गमतीमुळे माझ्या आलेखाची चाळण झाली आहे. चाळीस जण कॉरिडॉरमध्ये सरळ चालू शकतात, तर बारा जणांना गोदामात का जमू नये?

या आठवड्याच्या टिपणात मी त्यासमोर दोनच शब्द लिहिले: "बेशिस्त वापर". आकडे वेगळे काढले म्हणजे बाकीची नोंद स्वच्छ राहते.

– तुझी भाची


२० फेब्रुवारी

तुझं पत्र चार तारखेचं. मला ते दहाला मिळालं. उत्तर लिहायला बसणार होते, तेवढ्यात बारा तारीख आली.

गेल्या बुधवारी सातव्या रांगेच्या चौकात बगळा फोर्कलिफ्टखाली आला. माणूस वाचला. डावा घोटा आणि वरचं हाड, दोन्ही गेलं. डॉक्टर म्हणतात जुळेल, पण पूर्वीसारखं नाही. फोर्कलिफ्टवाले काका तेव्हापासून जेवणाच्या सुट्टीत डबा उघडत नाहीत. त्यांनी ब्रेक दाबला होता. तो बूट थांबला नाही.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर कागद लागला. "सदर कामगाराने उपकरणाचा बेशिस्त वापर केल्याचे कंपनीच्या तांत्रिक टिपणात नमूद आहे. चौकशी होईपर्यंत कामावरून दूर." चौकशीत बेशिस्त ठरली तर तो बाहेर, आणि उपचारही त्याचे त्याने बघायचे. एकतीस मार्चला निकाल. कागदावर अक्षर टाइपाचं होतं, पण शब्द मी ओळखला. आठ वर्षं माझ्या घरी राहून शिकलीस. तुझा शब्द मला दहा जणांत ओळखू येतो.

आता नीट वाच. एकदाच सांगणार आहे.

आमच्या रांगा छताला टेकलेल्या. चौकात पलीकडून कोण येतंय ते दिसत नाही. फोर्कलिफ्ट विजेवर चालते, मांजरीएवढा आवाज नाही. भोंगा होता. वरच्या मजल्यावर फोनवर गोड बोलणाऱ्यांना त्रास होतो म्हणून चार वर्षांपूर्वी शिट्टीने त्याची वायर काढायला लावली. पण त्याच्याही आधीपासून, मी इथे लागले त्याच्या आधीपासून, आम्ही चौकात टाच देतो. उजवा हात मालाच्या ढकलगाडीवर असतो, अंग उजवीकडे, म्हणून डावा पाय मोकळा. डावी टाच. हात रिकामे असतील तर एक, गाडी भरलेली असेल तर दोन. पलीकडचा ऐकतो आणि थांबतो. बावीस वर्षांत या चौकात कुणाला खरचटलंसुद्धा नव्हतं.

नवीन माणसाला पहिल्या दिवशी आम्ही हेच शिकवतो. सूचनांचं पान नाही त्याला.

आणि तुम्ही शोधून शोधून, चार महिने लावून, नेमकी तीच टाच काढलीत! जिथे थांबायचं तिथे पळवणारी. आम्ही पहिल्याच दिवशी ठरवलं होतं, उजवी द्यायची. डोकं उजवी म्हणतं, पाय डावी देतो. पायाला विचारून का कोणी चालतं? बरं, नाहीच दिली तर काकांना कळणार कसं? दिली तर बूट पळतो, नाही दिली तर फोर्कलिफ्ट येते. यातलं शिस्तीचं कुठलं ते तूच निवड. बगळ्याने दोनशे तीन वेळा टाच दिली कारण तो सगळ्यात जास्त काळजी घेणारा आहे. त्याची गाडी कायम भरलेली असते.

स्वयंपाकघराच्या वळणावर मी टाच द्यायचे, हातात गरम भांडं असलं की दोन. आठ वर्षं तू ते ऐकलंस आणि तुला वाटलं मावशीला चालायची रीत नाही.

पूर्वी कोर्टाचे लोक घरावर टाच आणायचे. तू ती पायातून आणलीस.

– मावशी


२५ फेब्रुवारी

मावशी,

पत्र काल मिळालं. कालपासून मी नोंदी पुन्हा उघडल्या आहेत.

१,१४० पैकी १,१०९ दणके चौकापासून दीड मीटरच्या आत आहेत. मी जागा पाहिली नव्हती. वेळ पाहिली, जोर पाहिला, जोड क्रमांक पाहिला. जागेचं सदर माझ्यासमोर होतं आणि मी ते उघडलं नाही, कारण मला उत्तर आधीच माहीत होतं.

दोन दणके लागोपाठ आहेत तिथे गाडीचं वजनही जास्त आहे, कारण मोटरला जोर जास्त लागलाय. एक दणका तिथे वजन कमी. म्हणजे तुमची एक टाच आणि दोन टाचा दोन्ही माझ्या आलेखात तीन आठवडे सरळ दिसत होत्या. वाचता मात्र येत नव्हत्या.

बारा तारखेची नोंद: चार नंबर, चौकाच्या सव्वा मीटर आधी, चाकं बंद. दोन दणके. चाकं मोकळी. ०.८ सेकंदानंतर टक्कर. त्याने चाकं बंद केली होती. तो थांबला होता.

मी हे प्रमुखांना सांगितलं. ते म्हणाले, "लोकांच्या सवयींना आपण जबाबदार नाही." मी म्हटलं, आपण चार महिने लोकांच्या सवयीच मोजत होतो. ते म्हणाले, "हो, पण सर्वसाधारण लोकांच्या." त्यांचे सर्वसाधारण लोक म्हणजे आमच्या मजल्यावरचे चाळीस जण, ज्यांच्या हातात चालताना कॉफीचा कप असतो.

मला तीन गोष्टी हव्यात. टाचेबद्दल तुमच्यापैकी तिघांनी सहीनिशी लिहून द्यायला हवं. त्यात काका असतील तर उत्तम. भोंग्याची वायर कुणी काढायला लावली तेही त्यात यायला हवं, आणि ते लिहिणं तुम्हाला सोपं नाही हे मला समजतं. तिसरं, उरलेले ३१ दणके कुठल्याच चौकात नाहीत. ते सगळे एकाच जागी आहेत आणि नकाशावर तिथे भिंत आहे. त्यांचं कारण कळल्याशिवाय मी अहवाल देणार नाही. एक आकडा मोकळा राहिला की त्या फटीतून ते बाकीचे अकराशे बाहेर काढतील.

– भाची


२ मार्च

इंजिनिअरबाई,

माफी मागितली नाहीस ते बरं केलंस. तुला ती जमत नाही. लहानपणी कप फोडलास की तुकडे मोजून आणून द्यायचीस. तसंच दे. तुकडे मोजून.

आधी तुझे एकतीस. तिथे भिंत नाही, दार आहे. शिट्टीच्या केबिनचं. ते बाहेरच्या बाजूला उघडतं आणि शिट्टी ते न बघता ढकलतो. दोन जणांची नाकं सुजली, तेव्हापासून तिथून जाताना आम्ही टाच देतो, आतल्याला कळावं म्हणून. आतल्याला कळत नाही ते वेगळं. नकाशा शिट्टीने काढलाय. स्वतःचं दार विसरला, म्हणजे बघ.

सह्यांचं सांगते. तिघं मागितले होतेस, सोबत चौदा पाठवतेय. काका आधी नाही म्हणाले. निवृत्तीला दीड वर्ष, कशाला वाकड्यात शिरायचं.  जेवणाच्या सुट्टीत मी त्यांच्या समोरून रिकाम्या हातांनी गेले आणि चौकात एक टाच दिली. त्यांनी न उघडलेला डबा बाजूला सारला. मग म्हणाले, "आण तो कागद. वायरचं मी लिहितो, ती मीच कापली होती, त्याच्या सांगण्यावरून."

शिट्टीला कुणकुण लागली. मला बोलावून म्हणतो, "मावशी, ही टाच वगैरे नियमावलीत कुठे आहे?" मी म्हटलं, "साहेब, नियमावलीत भोंगा आहे." मग बराच वेळ त्याने शिट्टी पुसली.

बगळ्याला भेटून आले. दवाखान्यात पाय टांगून ठेवलाय. म्हणतो, "एकोणीस वर्षं लोक बगळा म्हणायचे, आता कंपनीने अधिकृत केलं." हसला, आणि मी निघताना भिंतीकडे तोंड केलं. त्याला नोकरीची नाही एवढी त्या शब्दाची बोच लागलीय. मुलगी विचारते, बाबा, बेशिस्त म्हणजे काय केलंत?

तुझी नोकरी जाईल का ते लिहिलं नाहीस. विचारत नाही. "ठणठणीत" असंच लिहिशील.

आता तरी सांगू का, तू माझी कोण ते?

– मावशी


१७ मार्च

मावशी,

सांगायची गरज नाही. अहवालाच्या पहिल्या पानावर मीच लिहिलं आहे: "जोड क्रमांक नऊ वापरणारी कामगार ही लेखिकेची मावशी आहे." नाहीतर उद्या दुसऱ्या कुणाला ते सापडलं असतं आणि मग बाकीची चाळीस पानं कुणी वाचली नसती.

अहवाल गेल्या आठवड्यात दिला. प्रमुखांनी वाचून तिसरं पान बाजूला काढलं. त्या पानावर असं आहे: "दिनांक ४ फेब्रुवारीच्या टिपणातील 'बेशिस्त वापर' हे शब्द चुकीचे असून ते मी मागे घेत आहे. संबंधित १,१४० नोंदी या कामगारांच्या सुरक्षेच्या प्रस्थापित पद्धतीच्या आहेत. चाकं मोकळी करण्याचा इशारा या पद्धतीशी तंतोतंत जुळतो. इशारा मी सुचवला होता. गोदाम प्रत्यक्ष न पाहता सुचवला होता."

ते म्हणाले, "हे पान पुरवणीत टाकू."

मी म्हटलं, पुरवणी कोणी वाचत नाही.

"म्हणूनच," ते म्हणाले.

त्यांना वाटलं हा विनोद आहे. मग त्यांनी शेवटचं सदर दाखवलं, "उपकरणाचा प्रत्यक्ष उपयोग". तिथे मी "आढळला नाही" असं लिहिलंय. ते म्हणाले, काहीतरी लिही, एवढं मोठं उपकरण, काहीतरी उपयोग असेलच की. मी सांगितलं, कुणाला आढळला तर कळवावं, मी भर घालीन. पान तिसरंच राहिलं. प्रती तीन गेल्या: एक आमच्या वरच्यांना, एक तुमच्या वरच्यांना, एक चौकशी करणाऱ्यांना. तुमचे चौदा कागद प्रत्येकीला जोडले आहेत.

आजपासून मी पॅकिंग विभागात आहे. खोकी एक मीटर उंचीवरून खाली टाकायची आणि कोपरे मोजायचे. शांत काम आहे. खोकी बेशिस्त वागत नाहीत, आणि त्यांच्याबद्दल टाळ्या वाजवायला कुणी येत नाही.

एक गोष्ट सांगते, ती अहवालात नाही. आमच्या कॉरिडॉरला एक काटकोनी वळण आहे. जिथे मी चाळीस जणांना चालवलं तो कॉरिडॉर हाच. ते वळण मी तेव्हा चाचणीतून वगळलं होतं. लोक तिथे थबकायचे आणि आलेख बिघडायचा. अहवाल घेऊन निघाले तेव्हा त्या वळणापाशी आले, आणि पलीकडून कुणीतरी येत असेल असं वाटलं. मी डावी टाच दिली. दणकून.

पलीकडे प्रमुख होते. जागच्या जागी थांबले. कप हिंदकळला, सांडला मात्र नाही. विचारलं, "काय झालं?"

काही नाही, मी म्हटलं. चौक आहे.

हात रिकामे असते तर एकच दिली असती. चाळीस पानं होती, म्हणून दोन दिल्या.

– तुझी भाची


९ एप्रिल

बाळ,

या वेळी आशीर्वाद न मोजता घे.

एकतीस मार्चला फळ्यावरचा जुना कागद निघाला. नवा लागला. तुमच्या-आमच्या वरच्यांनी माफी मागितलेली नाही. "नोंदीतील त्रुटी" असं काहीतरी पचपचीत लिहिलंय. पण बेशिस्त हा शब्द नाही, आणि बगळा कामावर आहे. उपचार गोदाम बघणार. काठी टेकत आला, लेबलांच्या टेबलाशी बसवलंय त्याला. तिथेही स्टुलावर एक पाय वर घेऊन बसतो. मुलीला दाखवायला त्याने नव्या कागदाचा फोटो काढून नेला. पाळी संपल्यावर, कपाटातून फोन काढून, नियमाने.

भोंगा परत लावला. वायर काकांनीच जोडली. तरी आम्ही टाच देतोच. वरच्या मजल्यावरून गोड शब्दांत लिहिलेली एक तक्रारही आली, ती काकांनी गाडीला चिकटवलीय.

शिट्टी आहे तिथेच आहे. असे लोक हलत नाहीत. तुमचे कोटवाले येऊन बूट मोजून घेऊन गेले. तेवीसच भरले. बगळ्याचा डावा बूट चौकशीचा पुरावा म्हणून शिट्टीच्या ताब्यात होता, चौकशी संपली तशी त्याची आठवणही संपली. परवा केबिनवरून जाताना सवयीने टाच देणार होते, तर दिसलं, दार सताड उघडं. खाली बघितलं. त्याने तो बूट दाराला अडकण म्हणून लावलाय. वजनदार आहे, चाकं बंद आहेत, जागचा हलत नाही. आता ते दार कुणाच्या नाकावर येत नाही आणि तिथे टाच द्यावी लागत नाही.

तेव्हा तुझ्या त्या शेवटच्या सदरात भर घाल. आढळला म्हणून.

– मावशी